दोन सेंटिमीटर तुटलेली पट्टी

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस लोणावळ्यातल्या एका महाविद्यालयाचे भौतिकशास्त्र विभागप्रमुख निवृत्त झाले. निरोप समारंभ प्रयोगशाळेत झाला, कारण सभागृह एका साखरपुड्याला दिलेले होते. प्राचार्यांनी भाषणात त्यांना 'विद्यार्थिप्रिय' म्हटले. समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला विभागप्रमुखांनी कधी ना कधी 'तू हा विषय घेऊ नकोस' असे सांगितलेले होते. उत्तरादाखल ते उठले, खिडकीशी टांगलेले दोन थर्मामीटर पाहिले आणि म्हणाले, "आज हवा कोरडी आहे. बोलायचं होतं ते फेब्रुवारीतच बोलून झालंय." मग ते बसले.

त्यांना सगळे नुसते सर म्हणत. विभागात आम्ही तिघे शिकवत होतो. सर, इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम, आणि तासिका तत्त्वावर मी. माझी त्याआधीची वर्षे एका दैनिकात बातम्या तपासण्यात गेली होती. प्रयोगशाळेचे कपाट आणि किल्ल्या शिपाई भाऊंकडे असत. इथे जे सांगितले आहे ते या चौघांपैकी कोणी तरी पाहिलेले आहे, किंवा ज्याच्या बाबतीत घडले त्याने स्वतः सांगितलेले आहे.

सर तुंगार्लीत एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत. मालक शनिवारी मुंबईहून येत, त्यामुळे सर शनिवार-रविवार कॉलेजातच काढत. त्यांच्या पिशवीत छत्री, डबा आणि दोन थर्मामीटर असत. एकाच्या टोकाला ओली चिंधी बांधलेली. वर्गात शिरले की हजेरीच्या आधी ते दोन्ही थर्मामीटर खिडकीशी टांगत, खुर्चीवर गप्प बसत, आणि थोड्या वेळाने हवेचा दमटपणा किती टक्के आहे तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. तासाला काय शिकवायचे ते त्या आकड्यावर ठरे.

लोणावळ्यात पावसाळ्यात ढग वर्गात येतात. मागच्या बाकावरचा मुलगा फळा दिसत नाही म्हणतो, तेव्हा तो बहुतेक खरे बोलत असतो. विद्यापीठाचा अभ्यासक्रम मात्र पुण्यात ठरतो, आणि त्यात स्थिर विद्युत जुलै-ऑगस्टात येते. हे प्रयोग दमट हवेत होत नाहीत. कांडी कितीही घासली तरी तिच्यावरचा विद्युतभार ओलाव्यातून निसटून जातो. म्हणून सरांनी विभागाचा अभ्यासक्रम हवेप्रमाणे लावला होता. पावसाळ्यात यांत्रिकी, कारण लंबकाला ओलाव्याचे काही वाटत नाही. प्रकाश डिसेंबरात, कारण भिंगांवरची बुरशी पुसून व्हायला तेवढा वेळ लागतो. ध्वनी जानेवारीत, तोही आठवड्याच्या मधल्या दिवसांत, कारण शुक्रवार दुपारपासून खंडाळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. स्थिर विद्युत फेब्रुवारीत.

विद्यापीठाची स्थिर विद्युतची परीक्षा नोव्हेंबरात होई. "परीक्षा आधी, पुरावा नंतर," सर मुलांना सांगत. विषय निवडण्याबद्दल सल्ला मागायला कोणी आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कुठल्या महिन्यात येतो ते पाहिलंस का?"

एका ऑगस्टात तपासणी समिती आली. अध्यक्ष म्हणाले, "काही तरी चालू दाखवा." सरांनी लंबक दाखवला. "हे शाळेत असतं," असे म्हणून अध्यक्षांनी कपाटातल्या विद्युतदर्शीकडे बोट केले. काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पाने टांगलेले ते उपकरण. विद्युतभार असलेली कांडी जवळ नेली की पाने फाकतात. भाऊंनी घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर लावून बरणी वाळवायला घेतली. समितीने चहा घेतला. सरांनी कांडी घासली, जवळ नेली. पाने हलली नाहीत.

"नादुरुस्त आहे," अध्यक्ष म्हणाले.

"ऑगस्ट आहे," सर म्हणाले.

अहवालात 'नादुरुस्त' गेले, ऑगस्ट गेला नाही. शिफारशीप्रमाणे नवी विद्युतदर्शी आली. पुढची समितीही ऑगस्टातच आली. कपाटात आता एकाहून एक सरस विद्युतदर्शी आहेत, आणि ऑगस्टात त्यांतली एकही चालत नाही.

नवे शैक्षणिक धोरण आले तेव्हा प्राचार्यांनी बैठक बोलावली. धोरणाप्रमाणे विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन विषय शिकतो. वर्ष संपताना त्यांतला एक मुख्य विषय निवडतो, त्याला मेजर म्हणतात. तिसऱ्या वर्षी त्या मेजरमध्ये आणखी एक विशेष विषय निवडायचा.

"या पॉलिसीचा आत्मा चॉइस आहे," प्राचार्य म्हणाले. "शेजारच्या कॉलेजने फिजिक्सला पाच विशेष विषय छापलेत. आपले सात पाहिजेत."

"शिकवणारे तीन आहेत, त्यातले एक तासावर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हॉटेलात मेन्यू केवढा असतो? ऑर्डर दिली की सांगायचं, आज हे संपलंय."

सरांनी सात विषय लिहून दिले आणि प्रत्येकापुढे शेरा मारला. इलेक्ट्रॉनिक्सपुढे लिहिले, 'मॅडम असेपर्यंत'. अणुभौतिकीपुढे, 'प्रयोग नाहीत, तक्ता आहे'. खगोलभौतिकीपुढे, 'जून ते ऑक्टोबर आकाश उपलब्ध नाही'. शेवटचा विषय त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. वातावरणीय भौतिकी, म्हणजे ढग, धुके आणि पाऊस यांचे शास्त्र. त्यापुढे 'साहित्य भरपूर' असा शेरा होता. या विषयाची तयारी ते कितीतरी वर्षे करत होते. गच्चीवर त्यांनी स्वतः बसवलेले पर्जन्यमापक होते. सहलीला आलेल्या कोणी तरी एकदा त्यात बिअरचा डबा टाकला होता. त्या दिवसाच्या नोंदीत सरांनी पावसाच्या आकड्याऐवजी 'इतर' लिहिले.

शेरे छापायचे नाहीत असे ठरले. छापखान्यात एक राहून गेला, आणि माहितीपत्रकात 'आकाश उपलब्ध नाही' छापून आले. जूनमध्ये एक पालक आकाश नक्की कधी उपलब्ध होणार हे विचारायला आले. सरांनी त्यांना नोव्हेंबर सांगितले.

पालकांशी सर जे बोलत ते ऐकून प्राचार्य त्यांना प्रवेशाच्या टेबलावर बसवेनासे झाले. कामशेतच्या एका शेतकऱ्याने विचारले होते, "फिजिक घिऊन म्होरं काय व्हतं, सर?"

"बहुतेक वेळा बी.एड. होतं."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर एम.एस्सी. होऊन मग बी.एड. होतं."

तो पालक मुलाला घेऊन वाणिज्य शाखेच्या टेबलावर गेला. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही प्रवेश देताय की परत पाठवताय?" सर म्हणाले, "खोटं बोलायचं असेल तर आपल्याकडे मार्केटिंगचा विभाग आहे."

मेजर म्हणून भौतिकशास्त्र मागणाऱ्या प्रत्येकाची सर मुलाखत घेत. अशी मुलाखत नियमात नव्हती, आणि त्यांना नकार देण्याचा अधिकारही नव्हता. ते फक्त सल्ला देत. मुलाखतीत प्रश्न नसत. विद्यार्थ्याला एक दोरी, एक लोखंडी गोळा, स्टॉपवॉच आणि लाकडी मीटरपट्टी मिळे. लंबक टांगायचा, दोरीची लांबी मोजायची, झोके मोजायचे, आणि पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढून आणायचा. तो आकडा ९.८ आहे हे अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून त्यावरून मोजमापे उलटी काढायची ही आपल्याकडच्या प्रयोगशाळांची जुनी रीत आहे. मावळातही तीच चालते.

सरांची पट्टी शून्याकडून दोन सेंटिमीटर तुटलेली होती, म्हणजे तिचे आकडे थेट दोनपासून सुरू होत. तुटलेले टोक त्यांनी कानशीने घासून इतके साफ केले होते की बघितल्याशिवाय कळू नये. त्या पट्टीने प्रामाणिकपणे मोजले तर लांबी दोन सेंटिमीटर जास्त भरते आणि उत्तर ९.८ येऊच शकत नाही.

मुले ९.८ घेऊन येत. काही जण दोरी न टांगताच. सर आकडा बघून म्हणत, "नोंद घेतली. तुला उत्तर आधीच माहीत आहे. आमच्याकडे तुला शिकवण्यासारखं काही नाही, केमिस्ट्रीला जा. उर्से, तळेगाव, तिकडे कारखाने आहेत." कारण ते कधीच सांगत नसत. मुले बाहेर येऊन म्हणत, सरांचं डोकं फिरलंय. केमिस्ट्री आणि कॉम्प्युटर भरले की त्यातली बरीच परत भौतिकशास्त्रालाच येत, त्यामुळे वर्ग कसाबसा चाले.

निखिलही ९.८ घेऊन आला होता. त्याच्या आईची कार्ला फाट्यावर चहा-भज्यांची टपरी आहे आणि वडील उर्शाजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. इतक्या लवकर कसे झाले असे सरांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, बारावीत पण एवढंच आलंतं." सरांनी त्याला सांगितले की तू माणसांशी छान बोलतोस, तू आपल्या कॉलेजातल्या हॉटेलच्या कोर्सला जा. निखिल गेला. मॅडम, भाऊ आणि मी अशा तिघांनी नंतर बसून आठवून पाहिले. सरांचा सल्ला ऐकून खरोखर तसे वागलेला विद्यार्थी आम्हाला दुसरा आठवला नाही.

त्याच आठवड्यात सारिका आली. ती कार्ल्याच्या वर डोंगरात असलेल्या एका ठाकरवाडीतली. तिने लंबक टांगला आणि दुपारपर्यंत ती परत आली नाही. भाऊ दोनदा बघून आले. शेवटी ती कागद घेऊन आली.

"किती आलं?" सरांनी विचारले.

"येकच न्हाई येत, सर. दोरी आखूड केली का आकडा वाडतो. लांब सोडली का उतरतो. तीनदा केलं."

"मग?"

"पृथ्वीला दोरीचं काय, सर? ती दोरी बगून थोडीच वडती. पट्टीत खोट हाय. मला दुसरी पट्टी द्या."

सर उठले. कपाटातून धड पट्टी काढून तिच्या हातात दिली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन धुक्याकडे बघत उभे राहिले. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे, इतक्या वर्षांत दुसरी पट्टी मागणारे तोवर कोणी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सारिकाचे वडील तिच्याबरोबर आले. ते डोंगर उतरून भातलावणीच्या मजुरीला जातात. त्या दिवशी त्यांनी कामावरून सुट्टी घेतली होती. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"सर, पोरगी म्हंती ह्योच इषय घ्यायचा. हितं आसंल तर शिकू द्या. पुण्याला न्हाई धाडायचो मी. व्हस्टेलात नंबर न्हाई लागला. पैल्या लोकलसाटी आंदारात डोंगर उतरायचा, आन् राती आंदारातच चडायचा. पावसाचं वाटंवर दगड येत्यात."

"इथे वर्ग चालेल की नाही, मला माहीत नाही," सर म्हणाले.

"मंग कुनाला म्हायती?"

"वीस जण आले तर चालेल. नाहीतर बंद."

वडिलांनी थोडा विचार केला. "येक म्या आनलीय. बाकीचं तुमी बगा."

वीसची अट त्या वर्षी नवी होती. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचा मेजर चालवायचा नाही असे व्यवस्थापनाने ठरवले होते. हॉटेलच्या कोर्सला मात्र जागा अपुरी पडत होती. प्राचार्यांनी जूनच्या सुरुवातीलाच एक सुतार प्रयोगशाळेत पाठवला. तो लंबकाच्या टेबलाच्या जागी टेप लावून उभा राहिला. तिथे नमुन्याची हॉटेलची खोली करायची होती, डबल बेड, दोन दिवे आणि खोटी खिडकी. चादर ताणून कशी घालायची ते विद्यार्थी त्या बेडवर शिकणार होते. प्राचार्यांनी सारिकाला बोलावून सांगितले की तिने काळजी करू नये, फिजिक्स बंद झाले तर तिला हॉटेलच्या कोर्सला जागा मिळेल, कार्ल्याच्या रिसॉर्टमध्ये मुलींना मागणी आहे.

"वर्ग त्याच खोलीत व्हनार का?" तिने विचारले.

"हो, हीच खोली."



प्रवेशाची मुदत संपायला आली तेव्हा भौतिकशास्त्राकडे एकोणीस जण होते. एक सारिका. बाकीचे कॉम्प्युटरमध्ये जागा न मिळालेले. मॅडमनी सरांसमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "सर, निखिल तुमचं ऐकून गेला. त्याला परत बोलवा."

"त्याला मी खरं सांगितलं होतं."

"मग आता थोडं कमी खरं सांगा."

सरांनी छत्री घेतली. त्यांच्याबरोबर मी गेलो. कार्ला फाट्यावर एसटी थांबली तेव्हा टपरीवर लेण्यांकडे जाणाऱ्या मुलांची गर्दी होती. निखिल भजी तळत होता. त्याचे वडील पाळी संपवून आलेले. ते उठले, "जय भीम, सर," म्हणाले आणि बाक पुसून दिला. सर बसले. छत्रीचे पाणी त्यांच्या बुटांवर गळत होते.

"निखिल, तू फिजिक्सला यावंस असं मला वाटत नाही," ते म्हणाले.

"ते तुमी सांगितलंय, सर."

"तरी ये."

निखिलच्या आईने झारा बाजूला ठेवला. "म्हंजी यावं का न्हाई? नीट सांगा की, सर."

सरांनी नीट सांगितले. वीसची अट, एकोणीस विद्यार्थी, वाडीवरची मुलगी, डबल बेड. निखिलबद्दल त्यांनी काहीही चांगले सांगितले नाही.

"म्हंजी त्या पोरीचा वर्ग चालावा म्हून आमचा पोरगा बसवायचा," आई म्हणाली.

"हो."

"आन् ह्येचं काय मंग?"

"बहुतेक बी.एड.," सर म्हणाले.

वडील हसले. आई हसली नाही. "आमी काय खुर्ची भराया जन्माला घातला का ह्येला?"

"नाही," सर म्हणाले. "म्हणूनच मी त्याला येऊ नको म्हणालो होतो."

कढईतली भजी करपली. ती निखिलने काढून बाजूला टाकली.

"सर, मी ९.८ आनलं म्हून तुमी मला धाडलं," तो म्हणाला. "बाकीच्यांनी बी त्येच आनलंतं. त्ये बसलेत वर्गात."

"त्यांनी माझं ऐकलं नाही. तू ऐकलंस."

"म्हंजी ऐकलं ही चूक."

"नोंद घेतली," सर म्हणाले.

आता आई हसली. "लय सरळ मानूस हाय बाबा," ती नवऱ्याला म्हणाली. मग निखिलला, "तुजं तू ठरव. हाटेल काय, हितं बी हायेच."

निखिल म्हणाला, "मला परत मोजू द्या. नीट आलं तर घ्या."

मेजर बदलायचा तर त्या अर्जावर विभागप्रमुखांचा शेरा लागतो. त्यामुळे परत मोजण्याला हरकत नव्हती. सर म्हणाले, "उद्या ये." आम्ही परत एसटीत बसलो. लोणावळ्याला उतरताना सरांनी मला विचारले की टपरीवर दमटपणा किती असेल असे तुम्हाला वाटते.

दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. निखिल सकाळी आला, तुटकी पट्टी आणि दोरी घेऊन आतल्या खोलीत गेला आणि अर्ध्या तासात कागद घेऊन बाहेर आला. दोरीच्या तीन लांब्या घेतल्या होत्या. तिन्हींना उत्तर एकच, १०.२.

आकडा त्याने आदल्या संध्याकाळी सारिकाकडून मिळवला होता. ती फाट्यावरूनच घरी जाते. निखिलने तिला विचारले होते, "तुझं किती आलंतं?" तिने आखूड दोरीचा आकडा सांगितला. बाकीचे सांगायला ती थांबली नाही, कारण पाऊस वाढला होता. हे निखिलनेच मला पुढे सांगितले.

त्या पट्टीने तीन वेगवेगळ्या लांब्यांना एकच उत्तर येणे शक्य नव्हते. शिवाय स्टॉपवॉच कपाटात होते, कपाटाची किल्ली भाऊंकडे होती, आणि भाऊ त्या दिवशी रजेवर होते.

सर कागद बराच वेळ बघत राहिले. मॅडम टाचण्यांच्या डबीशी खेळत होत्या. निखिल उभा होता. बाहेर सुतार टेप घेऊन आला होता आणि आत यावे की नाही ते विचारत होता.

"झोके किती मोजलेस?" सरांनी विचारले.

"वीस, सर."

"वीस," सर म्हणाले. त्यांनी पेन काढले आणि अर्जावर लिहिले, 'योग्य'. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही अर्जावर हा शब्द आम्ही आधी पाहिला नव्हता. सुताराला त्यांनी सांगितले, "पुढच्या वर्षी या."

वर्ग सुरू झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत, दमटपणा उतरल्यावर, सरांनी स्थिर विद्युतचा प्रयोग दाखवला. परीक्षा नोव्हेंबरात होऊन गेली होती. पाने फाकली. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "आता काय उपयोग." सर म्हणाले, "आता खरं आहे." ऑगस्टात समिती आली तेव्हा विद्युतदर्शी पुन्हा नादुरुस्त ठरली.

तिसऱ्या वर्षाच्या आरंभी विशेष विषय निवडायची वेळ आली. माहितीपत्रकात सात होते. शिकवायला दोन होते, मॅडमचे इलेक्ट्रॉनिक्स आणि सरांची वातावरणीय भौतिकी. दोन्हींपैकी एकच चालणार होता, ज्याला जास्त विद्यार्थी येतील तो. सरांनी गच्चीवरचे पर्जन्यमापक रंगवून घेतले, आणि मग सारिकाला बोलावले.

"तू ढगांचं घेशील," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"न्हाई, सर."

"का?"

"ढग लय बगितलेत. पावसाळाभर चुलीपाशी यिऊन बसत्यात. सरपन वलं करत्यात, पुस्तकं वली करत्यात. त्येंचं आजून काय शिकू?"

"मग काय घेणार?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

"जुलैत गंजतं."

"डब्यात ठिवीन."

"नोंद घेतली," सर म्हणाले.

वर्गातल्या सगळ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स घेतले. निखिलने एकदा वातावरणीय भौतिकीची चौकशी केली होती. मॅडमनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की गच्चीवर मोबाइलला रेंज चांगली येते. सरांचा विषय एकाही वर्षी चालला नाही. माहितीपत्रकात तो अजून आहे.

सर निवृत्त होऊन तुंगार्लीची खोली सोडून गेले. ते नाशिकला गेले असे भाऊ म्हणतात. मॅडम म्हणतात, कुठे तरी कोरड्या गावी.

जूनमध्ये नवे विभागप्रमुख आले. अभ्यासक्रम त्यांनी विद्यापीठाच्या क्रमाने लावला. मुलाखतीची पद्धत त्यांना आवडली, ती त्यांनी चालू ठेवली. पट्ट्या मात्र नव्या घेतल्या, स्टीलच्या. यंदा मुलाखतीला आलेल्या सगळ्यांचे उत्तर ९.८ आले. वर्ग भरला आहे. नमुन्याची हॉटेलची खोली आता ग्रंथालयाच्या एका भागात झाली आहे.

निखिल बी.एड. करतो आहे. सारिकाला पुण्यात वसतिगृह मिळाले. ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे.

प्रयोगशाळेतले सामान मोजले तेव्हा तुटकी पट्टी सापडली नाही. ती कोणी कोणाला दिली, हे भाऊंना माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी कार्ल्याच्या वरच्या वाडीवर गेलो होतो. सारिकाच्या घरी दाराच्या चौकटीला एक लाकडी मीटरपट्टी उभी बांधलेली आहे. तिच्यावर सारिकाच्या भावाच्या लहान मुलीची उंची पेन्सिलने मांडलेली आहे. पट्टी जमिनीला टेकवलेली नाही. दोन सेंटिमीटर वर बांधलेली आहे.